पेडल वर, पेडल खाली

डेंटिस्टची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीच होती आणि इकडे ताईनं हातातला पाना खाली ठेवला. गाडी दिसत नव्हती, पण दिसायची गरज कुणाला होती! दोन गल्ल्या पलीकडे कुणी गिअर चुकवला तर इथे हिचे दात शिवशिवायचे, असा तो कान. नवऱ्याच्या पावलांवरून त्याला वर्गातल्या पोरांनी किती छळलंय ते तिला जिन्यातच कळायचं. तो बिचारा भूगोल शिकवायचा, गाड्यांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा संसार सुखाचा चालला होता.

तर गाडी आली, आवाजासकट आली, आणि ताईला आनंद झाला. दुसऱ्याच्या गाडीत बिघाड ऐकून हरखणं काही बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण या गाडीवर शेवटचा हात फिरला होता तो तिच्या भावजयीचा. क्लच तिनं बसवला, फ्लायव्हील तिनं बदललं, आणि आता गाडी कण्हत परत आली होती. ताईनं चिंधीला हात पुसले, आणि बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

या घरात जळण्यासारखं काय होतं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर ताई उगाच दुष्ट वाटायची.

गॅरेज नानांचं, म्हणजे ताईच्या वडिलांचं. तिथे एक रिवाज होता, दुसरीकडे कुठे नसेल असा. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे अर्धा दिवस गाडीखाली पाठ घासायची. म्हणून निकाल लागल्याशिवाय एकाही बोल्टला पाना लावायचा नाही. निकाल म्हणजे काय, तर गाडी चालू ठेवायची, ज्यांचे ज्यांचे हात तिला लागले ते सगळे भोवती उभे राहायचे, मालकालाही उभं करायचं, आणि नानांनी ऐकून मोठ्यानं सांगायचं की अमुक ठिकाणचा अमुक भाग गेलाय. मग ज्याच्या हातचं ते काम, त्यानंच मालकादेखत बोल्ट खोलायचे. हे दुसरं कलम फार वाईट. वेल्डरकाका एवढा धिप्पाड माणूस, पण एकदा त्याच्यावर निकाल लागला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आणि निकाल सांगायच्या आधी नाना ताईला पुढे करायचे. तू ऐक, तू सांग. ती परकर-पोलक्यातनं बाहेर पडली तेव्हापासूनचं हे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं. ताई सांगायची, मग नाना स्वतः ऐकायचे, आणि मग हळूच तीनदा मान डोलवायचे. तोंडानं शाबास म्हणायची त्यांना सवयच नव्हती. ती मान डोलली की ताईला दिवसभर कुणाशी भांडावंसं वाटत नसे. आणि ताईला ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी मोठी गोष्ट.

मग धाकट्याचं लग्न झालं. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ; जुन्या गाड्या विकायचा, गोड बोलायचा, आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते आठवायला त्याला हवेत बोट फिरवून बघावं लागायचं. त्यानं आणली कोण, तर शर्यतीच्या गाड्यांचे क्लच बांधणारी! सासऱ्याच्या गॅरेजात ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली, केसांना रबर लावून. पहिलं वर्ष बरं गेलं. मग काय झालं देव जाणे, नाना 'तू ऐक' म्हणेनासे झाले. आता ते भावजयीला हाक मारायचे. ती त्यांच्या उजव्या अंगाला चिकटून उभी राहायची, नाना स्क्रूड्रायव्हरची मूठ हातात धरायचे, ती त्यांच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवायची, आणि निकाल लागायचा. गिऱ्हाईक काही बोललं तर ती नानांच्या कानाशी वाकून तेच परत सांगायची, जणू गिऱ्हाईक परभाषेत बोलत होतं. चहाला बरोबर ती, दुकानात बरोबर ती. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

ताई मनातल्या मनात तिला 'बाईसाहेब' म्हणायची. सासऱ्याचा हात धरून उभं राहायचं हे कुठलं लाडात येणं, असं ती एकदा धाकट्याला बोललीही होती. धाकटा हसला आणि म्हणाला, की तूही धर, कुणी अडवलंय? या उत्तरानं ताईचा जो तिळपापड झाला तो आठवडाभर उतरला नव्हता.

आणि आता त्यावर कळस. नानांनी जाहीर केलं होतं, की या महिन्यानंतर मी खुर्चीत बसणार, निकाल दुसऱ्या कुणीतरी द्यायचा. कुणी, असं टायरवाल्यानं विचारलं. नाना म्हणाले, बघू. त्या एका 'बघू'नं ताईच्या तोंडची चव गेली होती. लेक असताना बघायचं काय? बघायला दुसरं आहेच कोण? तर होतं ना, केसांना रबर लावलेलं.

तर अशा वेळी ही गाडी आली.

डेंटिस्ट खाली उतरला. सडपातळ, नम्र माणूस. आठवडाभर लोकांच्या तोंडात ड्रिल घालायचा आणि सुट्टीला ही गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्यावर घड्याळाशी शर्यत लावायचा. त्यापायी त्यानं गाडीतलं जे जे जड होतं ते काढलं होतं आणि जे जे मऊ होतं ते कडक केलं होतं. मागची सीट गेली. इंजिनाखालची मऊ रबरं जाऊन टणक आली. इंजिनामागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, जाऊन हलकं आलं, स्प्रिंगांची क्लचप्लेट जाऊन बिनस्प्रिंगची आली. साध्या गाडीत हे जड आणि मऊ भाग निम्मे आवाज गिळून टाकतात. ते काढले की गाडीच्या पोटात काही म्हणून राहत नाही, सगळं तोंडावाटे बाहेर.

त्याचं म्हणणं असं होतं, की न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखडते ते ठीक आहे, ते वहिनींनी मला गाडी देतानाच सांगितलं होतं, हलक्या फ्लायव्हीलला ते असायचंच. पण त्या खडखडीच्या आतून आता आणखी एक बारीक आवाज येतोय. दाढेत ड्रिल गेल्यासारखा. आणि येत्या सुट्टीला त्याला डोंगर चढायचा होता.

आता इथे थोडं लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. क्लचचं पेडल वर असलं, म्हणजे पाय काढलेला असला, की इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरत राहतो. पेडल खाली दाबलं की तो शाफ्ट थांबतो, आणि त्याऐवजी क्लच दाबणाऱ्या बेअरिंगवर भार येतो. म्हणून पेडल वर असताना आवाज आला तर दुखणं गिअरबॉक्सचं, आणि खाली असताना आला तर क्लचचं. या गाडीचा गिअरबॉक्स गेल्या हिवाळ्यात ताईनं खोलून भरला होता आणि क्लच नंतर भावजयीनं बसवला होता. तेव्हा सरळ हिशेब. पेडल वर म्हणजे ताई, पेडल खाली म्हणजे भावजय.

ताईनं कुणाची वाट बघितली नाही. गाडीत बसली आणि पेडल दाबलं. खडखड बंद झाली. त्या शांततेत तिनं कान लावला, कोपऱ्यातल्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरची घरघर बाजूला सारली, आणि ऐकलं. काही नाही. पाय काढला, खडखड आली, पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा तिनं पेडल दाबून तसंच धरलं आणि मनाशी म्हणाली, असणार, असायलाच हवं. आणि आलं की! बारीक, किर्र, रातकिड्याएवढं. क्लचचं बेअरिंग.

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. ताईला ते जागेपणी ऐकू आलं. पण तिला तेव्हा तसं वाटलं नाही. तिला वाटलं, आहे रे देव, कुठेतरी आहे. मालकादेखत, वेल्डरकाकादेखत बाईसाहेब पाठीवर झोपणार आणि बोल्ट खोलणार. त्यानंतर नानांना बघायला काही उरणार नव्हतं.

भावजय समोरच उभी होती. तिलाही गाडीच्या आवाजानं काळजी लागलेली दिसत होती, आणि ती काळजी बघून ताईला आणखी बरं वाटलं. एवढ्यात फाटकावर सामानाचा टेम्पो आला आणि ती सही करायला गेली. डेंटिस्टला कुठल्या तरी सुजलेल्या गालाचा फोन आला आणि तो शटरबाहेर जाऊन समजूत घालू लागला. राहिले नाना आणि ताई. किती दिवसांनी असं झालं होतं! मधे कोणी नाही, मनगटावर कुणाची बोटं नाहीत.

ताईनं बॉनेटकडे बोट दाखवलं. नाना आले, आणि हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून, बॉनेटवर वाकले. ही त्यांची जुनी बैठक. ताई लहान असताना त्यांना तसं वाकलेलं बघून तिला वाटायचं, की नाना गाडीला काही तरी खाजगी विचारताहेत.  तिनं पेडल दाबलं, धरलं, मग पाय काढला.

आणि इंजिन मेलं.

हलक्या फ्लायव्हीलच्या गाड्यांना ही खोड असते. मंद चालत असताना जरा धक्का बसला की जड चाकासारखी त्यांना पुढे रेटणारी काही शक्ती नसते. बसल्या जागी गुपचूप प्राण सोडतात. यात नवल नव्हतं. ताईनं किल्लीकडे हात नेला आणि वर बघितलं.

नाना तसेच वाकलेले होते. डोळे मिटलेले. समोरचा विजेवरचा पंखा अजून फिरत होता, त्याचा वारा त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर लागत होता. कोपऱ्यात कॉम्प्रेसर फरशी हलवत होता. आणि नाना ऐकत होते. मेलेल्या इंजिनाकडे कान लावून, कपाळाला आठी घालून, मन लावून ऐकत होते. मग त्यांनी हुंकार भरला.

"येतोय," ते म्हणाले. "आतूनच येतोय. जरा आणखी चालू राहू दे."

ताईचा हात किल्लीवर तसाच राहिला. तिला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नानांनी उभ्या जन्मात गाडीची चेष्टा केली नव्हती. ती हाक मारणार, तोवर भावजय धावत आत आली. तिनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि सरळ जाऊन त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "नाना, ताईंनी गाडी बंद केलीय. थंड होऊ दे म्हणताहेत." नानांनी चटकन डोळे उघडले. बॉनेटच्या कडेला हात टेकला. मग ते हसले, नको तेवढं हसले, आणि म्हणाले, की हो, मी तेच म्हणणार होतो. आणि चहाच्या किटलीकडे निघून गेले.

ताईला आधी काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. उजवी बाजू. कानाशी वाकणं. गिऱ्हाइकाचं बोलणं परत सांगणं. मनगटावरची बोटं. दोन वर्षं ती जे जे बघून जळली होती, त्यातल्या एकाचाही अर्थ तिला लागला नव्हता. हिचा कान दोन गल्ल्या पलीकडचा गिअर ऐकायचा, आणि घरात बापाचा कान गेला तो हिला ऐकू आला नाही.

तिनं भावजयीला दंडाला धरून सामानाच्या खोलीत नेलं. टायरांचा वास, वर एक पिवळा दिवा. कधीपासून, असं तिनं विचारलं. भावजय म्हणाली, मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून; डावा पूर्ण गेला, उजव्यात अगदी तोंड नेऊन बोललं तर कळतं. डॉक्टर? झाले. यंत्र? लावत नाहीत, लोकांना दिसेल म्हणून. धाकट्याला ठाऊक आहे? नाही, त्यालाही नाही. ती सगळं खाली मान घालून, भराभर सांगत होती, जणू चोरी तिनंच केली होती.

आता ताईनं जो प्रश्न विचारला, तो विचारताना तिनं मनात देवाची करुणा भाकली, की ही म्हणू दे, माझं मीच ओळखलं. हुशार आहे, ओळखलं असेल. तेवढं सोसता आलं असतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," भावजय म्हणाली.

 बाहेर कॉम्प्रेसर भरला आणि थांबला.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं त्यांना, ताईंना सांगा. दोन-तीनदा म्हटलं. तर म्हणाले, तिला कान मी दिला, तिच्यासमोर मला बहिरं व्हायचं नाही." तिनं डोळे पुसले. "ताई, निकाल त्यांचेच असतात हो. मी फक्त मनगट दाबते. आवाज सुरू झाला की एकदा, थांबला की दोनदा. बाकी सगळं ते मुठीतल्या थरथरीवरून ओळखतात. आणि तुम्हाला ऐकायला सांगायचं बंद केलं ते यासाठी, की तुमच्या कानाला येतो तो बारीक आवाज मुठीत येत नाही, मग तुम्ही सांगितलेलं बरोबर की चूक ते त्यांना आता ताडून बघता येत नाही. न ऐकता मान डोलवायची त्यांना लाज वाटते."

दुसरी एखादी बाई असती तर इथे विरघळली असती, भावजयीच्या गळ्यात पडली असती. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, नाही असं नाही. पण त्या पाण्याखाली जे जळत होतं ते विझलं नाही, उलट आणखी भडकलं. बापानं घर सुनेच्या नावावर केलं असतं, ताईनं चार दिवस आदळआपट करून सोसलं असतं. गॅरेज दिलं असतं, तेही. पण त्यानं सुनेला आपलं दुखणं दिलं होतं. लाज वाटावी एवढी लेक जवळची, आणि सांगावं एवढी सून जवळची. मग यातली खरी जवळची कोण? ताईनं हा हिशेब तिथल्या तिथे दोनदा केला आणि दोन्ही वेळा तीच हरली.

"आज मनगट मी धरणार," ती म्हणाली.

भावजय लगेच बरं म्हणाली. वाद घातला असता तर ताईला हात झटकून चार शब्द बोलता तरी आले असते. पण नाही, उलट कसं दाबायचं तेही तिनं ताईच्या मनगटावर दाबून दाखवलं, हलकं, नाडी बघितल्यासारखं. बोटं खरखरीत होती, ताईच्याच बोटांसारखी. ताईनं हात काढून घेतला.

डेंटिस्ट परत आला. वेल्डरकाका आणि टायरवाला येऊन उभे राहिले. भावजय गाडीत पेडलवर बसली. नानांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ धरली, डोळे मिटले, आणि उजवं मनगट सवयीनं बाजूला केलं. ताई जाऊन उजव्या अंगाला उभी राहिली. तिथे ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. लहानपणापासून ती डाव्या अंगाला, पाने द्यायला. इंजिन सुरू झालं, खडखड आली, आणि ताईनं वडिलांचं मनगट एकदा दाबलं.

नानांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी मनगटावरच्या बोटांकडे बघितलं, मग त्या बोटांवरून वर, ताईच्या तोंडाकडे. चोर पकडला गेला की त्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला, आणि ताईला वाटलं, मी हे का केलं? का सोडलं नाही त्यांना बाईसाहेबांच्या हाती, सुखी होते ना? पण आता मनगट सोडायचं तरी कसं. बाकीच्यांना काही कळत नव्हतं, ते आपले निकालाची वाट बघत होते.  मग नानांनी मूठ सोडली, स्क्रूड्रायव्हर उलटा केला, आणि मुठीची बाजू ताईच्या हातात दिली.

"तू ऐक, तू सांग," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि आता यापुढे तूच सांगायचं."

वेल्डरकाकानं टायरवाल्याकडे बघितलं. झालं, ठरलं. दोन वर्षं जे ऐकायला ताई झुरली ते सगळ्यांसमोर, मालकादेखत, बाईसाहेबांदेखत तिच्या पदरात पडलं होतं. तिला आनंद झाला. कशामुळे पडलं ते माहीत असूनही झाला, आणि त्या आनंदाची तिला तिथेच लाज वाटली, तरी तो गेला नाही.

तिनं मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. भावजयीला खूण केली. पेडल खाली गेलं, खडखड थांबली.

किर्र नव्हतं. ताईनं वाट बघितली. पेडल पुन्हा वर, पुन्हा खाली. क्लच गप्प होता, नव्या घड्याळासारखा गुळगुळीत फिरत होता. मघाचा तो रातकिडा कुठेच नव्हता. तो कधी नव्हताच. मग पेडल वर आलं, आणि खडखडीच्या आतून, मुठीतून थेट कानात, दाढेत ड्रिल गेला. गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट. त्याचं बेअरिंग ताईनं स्वतःच्या हातानं बसवलं होतं. ते हवं त्यापेक्षा जरा जास्त घट्ट बसवलं गेलं असणार, म्हणून ते आतल्या आत तापून खरवडलं जात होतं. आवाज इतका स्वच्छ होता, की मघाशी तो ऐकू कसा आला नाही याचंच नवल. नवल कसलं म्हणा. मघाशी ती गाडी ऐकतच नव्हती.

'क्लच' एवढं म्हणायचा अवकाश होता. नाना ताडून बघू शकत नव्हते. आणि गाडीत बसलेलीला खरं काय ते कळलं होतं, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं; पण ती एक अक्षर बोलली नसती. मुकाट्यानं पाठीवर झोपली असती आणि आपलाच चांगला क्लच खोलून बसली असती. ताईला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या त्या चांगुलपणाचा तिला त्या क्षणी इतका राग आला, की खोटं बोलायची इच्छाच मेली. हिचे उपकार? ते तर मुळीच नकोत. शिवाय डोंगराच्या रस्त्यावर ती गाडी घेऊन एक जिवंत माणूस चढणार होता.

"गिअरबॉक्स," ताई म्हणाली. "पहिल्या शाफ्टचं बेअरिंग. काम माझं आहे."

डेंटिस्टनं सुटकेचा श्वास टाकला, सुट्टीपर्यंत होईल ना एवढंच विचारलं. वेल्डरकाका जमिनीकडे बघायला लागला, त्याला स्वतःचे दिवस आठवले असतील. टायरवाला न सांगता जॅक आणायला गेला.

नाना वाट बघत उभे होते. लेकीचे ओठ हललेले त्यांनी बघितले होते, काय म्हणाली ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ताईच्या ते लक्षात आलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून त्यांच्या उजव्या कानाशी जायचं, तोंड नेऊन सांगायचं, नाना, मी ऐकलं, माझंच चुकलं होतं आणि मी बरोबर ऐकलं. ती वळली. पण नानांनी तोवर दुसरीकडे मान फिरवली होती, रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारखीच भावजय गाडीतून उतरून त्यांच्यापाशी पोचली होती. तिनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. पुष्कळ सांगितलं, दोन-तीन वाक्यं तरी, आणि सांगताना एकदा ताईकडे बोट केलं.

नानांचा चेहरा खुलला. डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांची मान डोलली, हळू, तीनदा, अगदी पहिल्यासारखी. डोलत होती तेव्हा ते भावजयीच्या तोंडाकडे बघत होते.